अपस्माराच्या रुग्णाशी अकस्मात मृत्यूबद्दल कसे बोलावे

अपस्माराच्या रुग्णाला गोळ्यांच्या वेळा, रक्ततपासण्या, पथ्ये हे सगळे आपण सांगतो. पण मोठी फीट येऊन गेल्यावर, बहुधा रात्री झोपेत, शवविच्छेदनातही दुसरे कारण न सापडणारा मृत्यू येऊ शकतो, हे सांगायचे राहून जाते. वैद्यकात याला ‘सुडेप’ म्हणतात. रुग्ण घाबरेल या काळजीपोटी डॉक्टर गप्प राहतात, हे मी समजू शकतो. मात्र घरातले माणूस गमावल्यावर हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या आईवडिलांना आपल्या त्या गप्प राहण्याचे कोणतेही समर्थन पटत नाही.

तातडीच्या विभागात, पहिल्या फीटच्या धक्क्यात असलेल्या कुटुंबापुढे हा विषय काढू नये. निदान पक्के होऊन औषध सुरू करतानाची किंवा त्यानंतरची पहिली भेट योग्य; ज्याला अंग ताठ होऊन झटके देणाऱ्या मोठ्या फीट येतात, त्याच्या बाबतीत मात्र अजिबात लांबवू नये. ओपीडीच्या गर्दीत, दाराशी पुढचा रुग्ण उभा असताना हे बोलणे होत नाही, म्हणून दिवसातली शेवटची वेळ द्यावी आणि आधी विचारावे: “या आजाराच्या धोक्यांबद्दल तुम्ही काय ऐकले आहे?”

आकडा सांगताना तो दोन्ही बाजूंनी सांगावा. “अपस्मार असलेल्या हजार प्रौढांपैकी वर्षाला साधारण एकाचा असा मृत्यू होतो, म्हणजे ९९९ जणांचा होत नाही,” ही मांडणी अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. तिथे मुलांसाठी वर्षाला ४,५०० मध्ये एक असा आकडा दिला होता. नंतरच्या अभ्यासांत मुलांतले प्रमाण मोठ्यांच्या जवळपास आढळले, त्यामुळे “लहान मुलांना हे होत नाही” असा दिलासा पालकांना देऊ नये. धोका सर्वांना सारखा नसतो, हेही लगेच सांगावे. वर्षात तीन किंवा अधिक मोठ्या फीट येणाऱ्याचा धोका, त्या मुळीच न येणाऱ्याच्या सुमारे १५ पट असतो. म्हणजे फीट थांबवणे हाच मुख्य उपाय, आणि त्यातला मोठा भाग रुग्णाच्या हातात आहे.

आपल्याकडे या संभाषणाची खरी अडचण लपवाछपवीत आहे. लग्न जमताना आजार सांगितलेला नसतो. मग सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, पाहुणे आले की डोस चुकतो, उपासाच्या दिवशी गोळीही टळते, जागरणाला नाही म्हणता येत नाही, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला रात्रीच्या फीटमध्ये काय करायचे ते ठाऊकच नसते. म्हणून अशा रुग्ण स्त्रीशी प्रथम ती एकटी असतानाच बोलावे, नातेवाइकांना उत्तरे देऊ देऊ नयेत, आणि घरातल्या निदान एका विश्वासाच्या माणसाला सांगण्यास ती तयार आहे का, हे तिलाच ठरवू द्यावे. तिच्या संमतीशिवाय आपण कोणालाही काही सांगू नये.

त्या विश्वासाच्या माणसाला मग नेमके काम द्यावे. फीट आली की घड्याळ पाहावे. झटके थांबताच रुग्णाला कुशीवर वळवावे, पालथे राहू देऊ नये. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. श्वास नीट चालून पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळून हलू नये. अशा मृत्यूंच्या रुग्णालयीन नोंदींत फीटनंतर आधी श्वास आणि मग हृदय थांबल्याचे दिसले आहे, म्हणून ही शेवटची सूचना मी दोनदा सांगतो. पाच मिनिटांत फीट थांबली नाही, तर १०८ ला फोन करावा. रात्री त्याच खोलीत कोणी झोपत असेल तर उत्तम. एकट्या राहणाऱ्याशी पर्याय शोधावेत, त्याला दोष देऊ नये.

घाबरून किंवा फीट थांबल्याच्या आनंदात गोळ्या एकाएकी बंद करू नयेत, हे स्पष्ट शब्दांत बजावावे. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फीट थांबत नसतील, तर वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी पुन्हा लिहून न देता शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवावे; तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हे काम १९९५ पासून चालू आहे.

झालेले बोलणे केसपेपरवर लिहून ठेवावे, आणि पुढच्या भेटीत त्यातले काय लक्षात राहिले, हे रुग्णाच्याच तोंडून ऐकावे.