केसपेपरवरचं सीएसटी

परळच्या एका ट्रस्ट रुग्णालयात मी फार्मासिस्ट आहे. मागच्या पावसाळ्यात मेडिसिन वॉर्डाचा औषधखर्च फुगला, तेव्हा सगळ्यांनी महागड्या अँटिबायोटिककडे बोट दाखवलं. मी केसपेपर घेऊन बसलो.

खाट नंबर 14. आजोबा चहात पाव बुडवून मजेत खातायत आणि पॅन्टोप्राझोलचं, म्हणजे ॲसिडिटीचं, इंजेक्शन सहाव्या दिवशीही चालूच! वर सिरिंज, सलाइन, सिस्टरचा वेळ. गोळी काही रुपयांत येते. शेजारी लिनेझोलिड या अँटिबायोटिकची बाटली लटकलेली; ते तर तोंडाने घेतलं तरी जवळपास शंभर टक्के रक्तात उतरतं. मेट्रोनिडाझोल, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकांचंही तेच.

कारण एकच. रेसिडेंट, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, रोज 'सीएसटी' लिहून मोकळा. मुंबईकराला स्टेशन आठवेल, पण केसपेपरवर त्याचा अर्थ कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, कालचंच पुढे चालू. गाडी सुटते, थांबत कुठेच नाही.

सोमवार-गुरुवार राउंडला जायला लागलो. पेशंट खातोय का? हे औषध अजून कशासाठी? एकाच कामाची दोन नाहीत ना? "आता तुम्ही आम्हाला शिकवणार?" हे ऐकावं लागलंच. म्हणून काटाकाट केली नाही. सूचनेची पिवळी चिठ्ठी केसपेपरवर चिकटवायची, निर्णय डॉक्टरांचा. उलट्या होणारे, मेंदूज्वराचे पेशंट यांच्या इंजेक्शनला हात लावायचा नाही.

सिस्टर सगळ्यांत आधी खूश झाल्या, सलाइन लावायचा व्याप कमी. महिन्याभरात पॅन्टोप्राझोलच्या व्हायलचा इंडेंट, म्हणजे वॉर्डाची मागणी, निम्म्यावर आला. डिस्चार्जच्या चिठ्ठ्या अजून तपासायच्या आहेत. तिथेही ॲसिडिटीची गोळी उगाच घरापर्यंत जाते.