स्लिपर क्लच बसवताय? आदल्या रात्री प्लेटा तेलात बुडवा

कन्नडचा औट्रम घाट उतरताना घाईत बाइकचे दोन गिअर खाली टाकले की मागचं चाक उड्या मारतं. स्लिपर क्लच इथेच कामाला येतो. चाकाकडून उलटा जोर आला की आतल्या तिरप्या खाचा प्रेशर प्लेट (क्लचच्या प्लेटा दाबून धरणारी चकती) जराशी उचलतात, प्लेटा घसरतात आणि चाक अडकत नाही.

किट तुमच्याच मॉडेलचं घ्या. नव्या फ्रिक्शन प्लेटा, म्हणजे क्लचच्या घर्षणाच्या चकत्या, रात्रभर इंजिन ऑइलमध्ये ठेवा. कोरड्या बसवल्या तर करपतात. क्लच उजवीकडे असेल तर गाडी साइड स्टँडवर कलती ठेवा, कव्हर उघडताना तेल फारसं सांडत नाही. मधला नट छन्नी-हातोडीने ठोकू नका! क्लच होल्डर (क्लच फिरू न देणारं हत्यार) आणि टॉर्क रेंच (मोजून जोर लावणारा पाना) ओळखीच्या मेस्त्रीकडून तासभर मागून आणा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. कव्हरच्या सांध्यातलं जुनं गॅस्केट (तेल गळू न देणारी पातळ पट्टी) परत लावायचा मोह मलाही झाला होता. आठवडाभरात अंगणातल्या फरशीवर तेलाचा डाग.

उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी फुफाटा उडतो, म्हणून कव्हर सकाळीच उघडा. तेल जेएएसओ एमए२ दर्जाचं, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचच्या बाइकसाठीचं, घाला, कारचं नको.