इनडोअर सायकलिंगच्या वर्गासाठी गाणी निवडताना या चुका टाळा

वरातीत गाजलेले गाणे सायकलवरही चालेलच, असे गृहीत धरणे ही सर्वांत मोठी चूक होय. नाचणाऱ्याला ठेका पुरतो; सायकलवर मात्र तो ठेका पेडलच्या फेऱ्यांशी जुळावा लागतो. सपाट रस्त्याच्या सरावात मिनिटाला साधारण 80 ते 110 आणि चढाच्या सरावात 60 ते 80 फेऱ्या अपेक्षित असतात. मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली आला, तर 64 फेऱ्या होतात. म्हणजे ते चढासाठी उत्तम, पण सपाटीसाठी निरुपयोगी, कारण तेथे 64 फेऱ्या संथ पडतात आणि प्रत्येक ठोक्याला पूर्ण फेरी घ्यावी तर 128 फेऱ्यांत शरीर सीटवर उसळू लागते. सपाटीसाठी 90 किंवा 180 ठोक्यांचे गाणे घ्यावे. तरीही कोणी उसळत असेल, तर रेझिस्टन्स (पेडलला होणारा अवरोध) कमी पडत आहे असे समजून तो थोडा वाढवण्यास सांगावे.

अहिराणी गाणी या हिशेबातून वगळण्याचे काहीच कारण नाही. जळगाव-धुळ्याच्या वर्गात त्यांनी येणारा उत्साह मोलाचा आहे आणि तो जरूर वापरावा. मात्र गाणे सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्यात असेल, तर ठोके मोजणारे ॲप गोंधळू शकते आणि कधी दुप्पट, कधी तिप्पट आकडा दाखवू शकते. म्हणून घड्याळ लावून 15 सेकंद हातानेच ठळक आघात मोजावेत, त्यांना चारने गुणावे आणि वर्गाआधी संपूर्ण गाण्यावर स्वतः पेडल मारून पाहावे.

डिसेंबरची प्लेलिस्ट मे महिन्यात तशीच वाजवणे ही आपल्या भागात विशेष घातक चूक आहे. पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके अधिक वाढतात. त्यामुळे वेगवान गाणी कमी करून प्रत्येकानंतर पाणी पिण्याइतका संथ तुकडा ठेवावा. जोरदार गाण्यावर वर्ग एकदम थांबवला, तर रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते. शेवटची किमान 5 मिनिटे शांत संगीतासाठी राखलीच पाहिजेत.

आवाजाबाबत एक हिशेब प्रशिक्षकांनी पक्का लक्षात ठेवावा. 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तास सोसण्याची मर्यादा मानली, तर दर 3 डेसिबलमागे ती वेळ निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला केवळ 1 तास उरतो, आणि दिवसात तीन वर्ग घेणारा प्रशिक्षक ही मर्यादा सहज ओलांडतो. सूचना ऐकू येत नसतील, तर ओरडू नये. संगीत कमी करावे.

स्वतःपुरत्या घेतलेल्या ॲपच्या वर्गणीत व्यावसायिक वर्गात गाणी वाजवण्याचा हक्क सहसा मिळत नाही. त्यासाठी पीपीएल व आयपीआरएस या गाणी वाजवण्याचे परवाने देणाऱ्या संस्थांकडे परवान्याची चौकशी करावी.