खगोलशास्त्राची सुरुवात करताय? द्रव्य, ऊर्जा आणि अणूंबाबत या चुका टाळा

खगोलशास्त्र शिकायला घेतलं की सगळ्यांना घाई असते ती कृष्णविवरांची आणि दीर्घिकांची. पहिल्या धड्यातलं द्रव्य, तापमान, अणू हे 'शाळेत झालंय' म्हणून भराभर उलटलं जातं आणि पुढे गाडी अडते ती नेमकी तिथेच. नवख्यांच्या बऱ्याच चुकांचं मूळ एकच असतं: एका कणाबद्दलची गोष्ट आणि सगळ्या कणांची मिळून होणारी गोष्ट, या दोन्हींची सरमिसळ. खालचे मुद्दे वाचताना प्रत्येक ठिकाणी हा फरक शोधा, निम्मा गुंता तिथेच सुटेल.

वस्तुमान, वजन आणि घनता एकच समजणं

वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती, आणि वजन म्हणजे त्यावर गुरुत्वाकर्षणाची ओढ किती. चंद्रावर वजन सहाव्या हिश्शावर येतं, वस्तुमान तेवढंच राहतं. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. तरीही अंतराळवीर तरंगतात, कारण ते स्थानकासकट सतत पृथ्वीकडे पडत असतात. 'तिथे गुरुत्वाकर्षण नाही' हे उत्तर लिहाल तर गुण जातील, आणि ते जायलाच हवेत.

'मोठा' हा शब्द तर लिहिण्याआधी दोनदा तपासा. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण सरासरी घनता पाण्याहूनही कमी. उलट व्याध ताऱ्याचा जोडीदार असलेला श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) आकाराने पृथ्वीएवढा, पण वस्तुमान जवळपास सूर्याइतकं. मोठा म्हणजे आकाराने, वस्तुमानाने की तेजाने, हे सांगितल्याशिवाय वाक्याला अर्थ येत नाही.

तापमान जास्त म्हणजे उष्णताही जास्त, असं धरून चालणं

खग्रास ग्रहणात सूर्याभोवती जी पांढरी प्रभा दिसते तो करोना. त्याचं तापमान १० लाख केल्विनच्या (केल्विन म्हणजे सेल्सियस अधिक २७३) वर असतं, तर सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग जेमतेम ५,८०० केल्विनचा. मग करोनात शिरलेलं यान वितळून का जात नाही, हा प्रश्न हमखास येतो.

तापमान सांगतं एकेका कणाची सरासरी गतिज ऊर्जा. उष्णता किती मिळेल हे ठरतं असे किती कण तुमच्यावर आदळतात त्यावर. करोना अत्यंत विरळ आहे. कण प्रचंड वेगवान, पण संख्येने फारच कमी. २०१८ मध्ये निघालेलं पार्कर सोलर प्रोब हे यान करोनातून जाऊन आलं आहे. त्याची ढाल साधारण १,४०० अंश सेल्सियसच्या हिशेबाने बनवलेली आहे, आणि ती तापते मुख्यतः सूर्यप्रकाशाने, करोनाच्या कणांनी नव्हे.

याच जातीची एक हिशेबातली चूक: सूत्रात सेल्सियस घालणं. ताऱ्याचा पृष्ठभाग किती ऊर्जा बाहेर टाकतो हे तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं, आणि ते तापमान केल्विनमध्येच हवं. ४,००० केल्विनचा सौरडाग (सूर्याच्या पृष्ठभागावरचा काळपट दिसणारा भाग) घ्या. ४,००० भागिले ५,८००, त्याचा चौथा घात साधारण ०.२३. म्हणजे डागाचं प्रत्येक चौरस मीटर आजूबाजूच्या पृष्ठभागाच्या पावपट तेज देतं. डाग काळा नसतोच, शेजारच्या झगझगाटापुढे तसा दिसतो. मोठ्या तापमानांना सेल्सियस वापरलं तर चूक थोडी लपते. ग्रहांचा हिशेब करायला गेलात की मात्र उत्तर पार विस्कटतं.

सूर्य 'जळतो' असं समजणं

जळणं ही रासायनिक क्रिया आहे. तिच्यात फक्त इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते, अणुकेंद्रकांना धक्काही लागत नाही. नुसत्या जळण्यावर सूर्य काही हजार वर्षंच टिकला असता. तो साडेचार अब्ज वर्षं तेवत आहे ते गाभ्यातल्या संमीलनामुळे. तिथे सुमारे दीड कोटी केल्विन तापमानाला हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून टप्प्याटप्प्याने हीलियमचं एक केंद्रक तयार होतं.

इथे दुसरी, जास्त चिवट चूक होते. सूर्यात दर सेकंदाला अंदाजे ६० कोटी टन हायड्रोजन वापरला जातो आणि सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेच्या रूपात निघून जातं. हे वाचून विद्यार्थ्यांना वाटतं की ४० लाख टन प्रोटॉन नाहीसे झाले. तसं होत नाही. सुरुवातीला चार प्रोटॉन, शेवटी दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. जड कण चारचे चारच. पण घट्ट बांधले गेल्यावर त्यांचं एकत्रित वस्तुमान ०.७ टक्क्याने कमी भरतं आणि तेवढाच फरक ऊर्जा म्हणून बाहेर पडतो. ऊर्जा म्हणजे कुठलं वेगळं 'द्रव्य' नव्हे, तो द्रव्याचा आणि प्रारणाचा (म्हणजे प्रकाशासारख्या लहरींचा) गुणधर्म आहे. हे एकदा पक्कं झालं की 'शुद्ध ऊर्जा' वगैरे शब्दप्रयोग आपोआप गळून पडतात.

आता पुन्हा कण आणि समूह यांचा फरक. सूर्याचा एकूण ऊर्जास्राव त्याच्या वस्तुमानाने भागा. किलोमागे सुमारे ०.०००२ वॅट येतात. शांत बसलेल्या माणसाचं शरीर किलोमागे साधारण एक वॅट देतं! सूर्यातलं संमीलन विलक्षण संथ आहे, दोन प्रोटॉन एकत्र यायला फार वाट पाहावी लागते. सूर्य प्रखर आहे तो प्रचंड वस्तुमानामुळे, आणि दीर्घायुषी आहे तो या संथपणामुळे.

अणूला छोटी सूर्यमाला समजणं

ग्रह कुठल्याही अंतरावर फिरू शकतो, अणूतला इलेक्ट्रॉन मात्र ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच असतो. वर्णपटातल्या (म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशातल्या) बारीक रेषा येतात त्या यामुळेच.

हायड्रोजनचं गणित हाताने करून पाहा. दुसरी पातळी उणे ३.४० इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या हिशेबातलं ऊर्जेचं छोटं एकक), तिसरी उणे १.५१. फरक १.८९. इलेक्ट्रॉन तिसरीवरून दुसरीवर उतरला की एवढी ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. आता १,२४० ला (इलेक्ट्रॉनव्होल्टवरून नॅनोमीटरमधली तरंगलांबी काढायचा हा ठरलेला आकडा) १.८९ ने भागा, ६५६ नॅनोमीटर येतील. तेजोमेघांच्या (ताऱ्यांमधल्या चमकणाऱ्या वायूच्या ढगांच्या) छायाचित्रांतला तांबडा रंग येतो तो याच रेषेमुळे. तुमचं उत्तर २५३च्या आसपास आलं असेल तर उणे चिन्हं विसरून तुम्ही बेरीज केली आहे, वजाबाकी पुन्हा करा.

आयन, समस्थानिक आणि रोमन आकडे यांचा घोळ

प्रोटॉन बदलले तर मूलद्रव्यच बदलतं, न्यूट्रॉन बदलले तर समस्थानिक, इलेक्ट्रॉन कमीजास्त झाले तर आयन. खगोलशास्त्राची लिहिण्याची पद्धत इथे घात करते, कारण तिच्यात मूलद्रव्याच्या चिन्हापुढे रोमन आकडा लिहितात. रोमन एक म्हणजे पूर्ण अणू, रोमन दोन म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला. म्हणून हायड्रोजनपुढे रोमन दोन दिसला की ते आयनीभूत हायड्रोजनचं क्षेत्र असतं, दोन अणूंचा रेणू नव्हे. आकड्यातून नेहमी एक वजा करा.

१८६९ च्या खग्रास ग्रहणात करोनात एक हिरवी रेषा सापडली. ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'कोरोनियम' नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं गेलं. १९४० च्या आसपास ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून उलगडा झाला: ते १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड होतं, लिहिताना रोमन चौदा.

ठळक रेषा म्हणजे ते मूलद्रव्य भरपूर, हा निष्कर्ष

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण एकेकाळी तज्ज्ञांनाही तिने चकवलं होतं. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या आयनाच्या दोन शोषणरेषा (प्रकाश शोषला गेल्याने उमटलेल्या काळ्या रेषा) इतक्या जाड आहेत की हायड्रोजनच्या दृश्य रेषा त्यांच्यापुढे किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात कॅल्शियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे जवळपास पाच लाख अणू आहेत.

मग असं का? हायड्रोजनच्या दृश्य रेषा उमटायला इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर असावा लागतो. तिथे चढायला १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि ५,८०० केल्विनला अशा स्थितीतला अणू वीसएक कोटींत एखादाच सापडतो. कॅल्शियमचे जवळजवळ सगळे अणू मात्र एक इलेक्ट्रॉन गमावून सर्वांत खालच्या पातळीवर तयारच बसलेले असतात, आणि त्या दोन रेषांसाठी तेवढंच पुरतं. त्यामुळे शोषणाला सज्ज असलेल्या हायड्रोजनच्या एका अणूमागे कॅल्शियमचे काहीशे आयन उभे असतात.

हा हिशेब शक्य झाला तो भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या १९२० च्या आयनीभवन समीकरणामुळे; कुठल्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे ते सांगतं. ते वापरून खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियमचे आहेत. त्या काळचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटलं नाही आणि पेन यांना हा निकाल बहुधा खरा नसावा असं प्रबंधात लिहावं लागलं. १९२९ मध्ये रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले.

म्हणून वर्णपट हातात आला की आधी तापमान काढा, घटकांकडे नंतर वळा. अभिजित किंवा व्याध यांच्यासारख्या १०,००० केल्विनच्या आसपासच्या ताऱ्यांत हायड्रोजनच्या दृश्य रेषा सर्वांत ठसठशीत असतात. काक्षीसारख्या (इंग्रजीत बीटलज्यूस) तांबड्या ताऱ्यात त्या क्षीण असतात, कारण इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवरच बसून राहतात. ३०,००० केल्विनच्या पुढच्या निळ्या ताऱ्यांतही त्या क्षीणच, पण तिथे कारण उलटं आहे: बहुतेक अणूंनी इलेक्ट्रॉन गमावलेलाच असतो. हायड्रोजन तिन्ही ठिकाणी मुबलक आहे.