भेंडी उगवेना तेव्हा

संक्रांत झाली की उन्हाळी भाज्या लावायची घाई होते. नाशिकला आमच्या परसात मी जानेवारीअखेर भेंडी आणि कारल्याचं बी टोकलं. पंधरा दिवस झाले तरी एक कोंब नाही. उकरून पाहिलं तर बी कुजलेलं. फार वाईट वाटलं.

बियाण्यात खोट नव्हती, माती गार होती. साधारण १७ अंशांच्या खाली भेंडी नीट उगवत नाही, आणि मी वर रोज संध्याकाळी पाणी घालत होते. गार, ओल्या मातीत बी कुजणारच.

दुसऱ्या खेपेला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबले. वाफा खणून चार दिवस उन्हात तापू दिला, मग कुजलेलं शेणखत मिसळलं. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं. कारल्याच्या बियांचं कवच टणक, म्हणून त्या भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि स्वयंपाकघरात उबेला ठेवल्या. मोड दिसल्यावरच मातीत लावल्या. पाणी सकाळी, तेही बेताचं.

भेंडी सहाव्या दिवशी वर आली! रोज चहा घेऊन मी वाफ्याशीच बसते. कारल्याच्या मांडवासाठी बांबू आणून ठेवलेत.