ब्रायरचा पाइप करताय? आधी भोकं, मग आकार

मिरजेत सतारी करणारी घराणी आहेत, सांगलीत लेथवाले पण भरपूर, त्यामुळं ब्रायरचा ठोकळा मागवून तंबाखू ओढायचा पाइप करायचं डोक्यात असेल तर हात आणि मशीन दोन्ही इथं मिळतील. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाची बुडातली गाठ, उकळून महिनोन्‌महिने वाळवलेली. पावसाळ्यात पार्सल आलं तर लगेच कापू नका, किचनमधल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा, आकडा हलायचा थांबला की मगच घ्या.

आणि प्लीज, आधी बाहेरून सुंदर आकार काढत बसू नका! ठोकळा चौकोनी आहे तोवरच तो चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, सरळ बसतो, एकदा गोल झाला की पकडायचा कुठं? तंबाखूची वाटी साधारण २० मिमी आणि धुराचं भोक ४ मिमी धरा, हे बारीक भोक वाटीच्या बरोब्बर तळाला, मधोमध निघालं पाहिजे. वर निघालं तर खालची तंबाखू ओली राहते, नीट जळतच नाही. पाइप क्लीनर, म्हणजे पाइप साफ करायची लवचिक तार, दांडीतून घालून बघा, त्याचं टोक तळाला घासत बाहेर आलं म्हणजे काम चोख.

घासताना मास्क लावा, ही धूळ फार बारीक असते. शेवटी चकाकीला कार्नोबा वॅक्स (झाडापासूनचं कडक मेण) लावा, व्हार्निश नको, गरम झालं की त्याला फोड येतात.