श्वानमेळावा भरवताय? मग या चुका टाळा

श्वानमेळाव्यातील पहिली झटापट बहुधा रिंगणात होत नाही, ती नोंदणीच्या टेबलापाशी होते. आमच्या वसाहतीच्या मैदानावर पहिल्या वर्षी आम्ही एकच टेबल मांडले होते आणि सकाळी साडेआठच्या सुमारास त्याच्यासमोर वीस-बावीस माणसे आणि जवळजवळ तितकीच कुत्री एका रांगेत उभी होती. एका गृहस्थांनी अर्ज भरता यावा म्हणून आपल्या लॅब्राडॉरचा लांबणारा पट्टा टेबलाच्या पायाला अडकवला; कुत्रा पुढच्या स्पिट्झकडे झेपावला, टेबल आडवे झाले, अर्ज दवाने ओल्या गवतात पसरले आणि मधे सापडलेल्या एका काकूंच्या पोटरीवर पट्ट्याच्या दोरीचा लाल वळ उमटला. कोणी कोणाला चावले नाही, हे आमचे नशीब. त्यानंतर सहा मेळावे भरवताना माझे मत पक्के होत गेले की अशा कार्यक्रमांतील बहुतेक गोंधळांचे मूळ अंतरात सापडते : दोन कुत्र्यांमधील, रिंगण आणि प्रेक्षकांमधील, कर्णा आणि कानांमधील, उन्हात उभ्या गाडीपासून सावलीपर्यंतच्या अंतरात.

नोंदणीचा उपाय साधा आहे. अर्ज आणि लसीकरणाच्या पुस्तिकेची छायाचित्रे चार दिवस आधीच फोनवर मागवावीत, मैदानावर फक्त क्रमांक द्यावा, दोन टेबलांमध्ये किमान दहा पावले जागा सोडावी आणि आत येण्याचे व बाहेर जाण्याचे दार वेगळे ठेवावे. लांबणारा पट्टा दारातच नाकारावा. तो नाकारल्यावर वाद होतोच. म्हणून दीड मीटरचे पाच-सहा साधे पट्टे आयोजकांनी स्वतःजवळ ठेवावेत, म्हणजे वाद तिथेच मिटतो.

कागदपत्रे पाहिली, तारीख पाहिली नाही

पुस्तिकेवर शिक्का आहे एवढे पाहून कुत्र्याला आत सोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. रेबीजची पहिली लस दिल्यानंतर संरक्षण तयार होण्यास साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे मेळाव्यासाठी म्हणून आदल्या दिवशी टोचून आणलेल्या कुत्र्याची पुस्तिका भरलेली दिसते, पण तिचा त्या दिवशी उपयोग नसतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजारांच्या लसींची मालिका पूर्ण न झालेली पिल्ले आणूच नयेत, असे पत्रकात ठळक छापावे. लोक पिल्ले हौसेने कडेवर घेऊन येतात आणि ‘खाली सोडणार नाही’ असे सांगतात, परंतु पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि मैदानावरून चालून आलेल्या चपलांबरोबर तो घरापर्यंत पोहोचतो.

माजावर असलेली मादी ही दुसरी अडचण. तिचा मालक ‘ती अगदी शांत आहे’ असे म्हणतो आणि ते खरेही असते. अशांत होतात ते इतर पंधरा नर, आणि ती निघून गेल्यावरही तिने लघवी केलेल्या जागी तासभर त्यांचे लक्ष खिळून राहते. रिंगणात एखादा चांगला शिकलेला कुत्रा अचानक हुकूम ऐकेनासा झाला, जमीन हुंगत एकाच जागी घुटमळू लागला, तर मालकावर ओरडण्याआधी ती जागा पाण्याने धुऊन पाहावी.

मैदानावर आधीपासून राहणाऱ्या भटक्या कुत्र्यांना त्या दिवसापुरते उचलून न्यावे म्हणून पालिकेकडे अर्ज करणारे आयोजकही मी पाहिले आहेत. नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याला त्याच्या मूळ जागीच परत सोडायचे असते. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ तेच सांगतात. त्याऐवजी त्यांना रोज खायला घालणाऱ्या व्यक्तीला विश्वासात घ्यावे आणि नेहमीचे जेवण त्या दिवशी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, नेहमीच्या वेळेपेक्षा थोडे आधी ठेवण्यास सांगावे. आमच्याकडे हे काम एक निवृत्त शिक्षिका करतात आणि त्यांच्या मागोमाग सातही कुत्री मुकाट्याने निघून जातात.

मैदानावरची फक्की आणि फिनेल

रिंगण आखण्यासाठी क्रिकेटच्या खेळपट्टीप्रमाणे चुन्याची फक्की मारण्याची आपल्याकडे सवय आहे. ओल्या पंजांना आणि नाकाला विरलेला चुना पोळतो, डोळ्यांत गेला तर इजा करतो आणि कुत्रे पंजे चाटत असल्याने तो तोंडातही जातो. दोरी आणि लाकडी खुंट्या पुरतात. रेघ हवीच असेल तर खडूची पूड वापरावी. फिनेलचेही तेच : वासावर काम करणाऱ्या कुत्र्यांच्या रिंगणाजवळ ते शिंपडणे म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर दिवा मारणे होय, शिवाय ते चाटण्यात आले तर विषारीही आहे.

पाणी पिण्यासाठी एकच मोठे घमेले ठेवू नये. मालकांना आपापले भांडे आणण्यास सांगावे आणि नळाजवळ भरून घेण्याची सोय करावी.

कामाच्या कुत्र्यांचे प्रात्यक्षिक

लोक मेळाव्याला येतात ते मुख्यतः पोलिसांचे श्वानपथक पाहण्यासाठी, आणि आयोजकांच्या सर्वांत महागड्या चुकाही इथेच होतात. पथक मागण्याचे पत्र आयुक्तालयात किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात पुरेसे आधी द्यावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु पथकाचे पहिले काम बंदोबस्त आणि तपास हे असल्यामुळे ऐन सकाळी ते दुसरीकडे रवाना होऊ शकते, हे कोणी धरून चालत नाही. कार्यक्रमपत्रिकेत त्या अर्ध्या तासासाठी पर्यायी खेळ आधीच ठरवून ठेवावा आणि मोठ्या फलकावर श्वानपथकाचे आश्वासन छापू नये.

यापेक्षाही नडणारी चूक म्हणजे प्रात्यक्षिक प्रमुख पाहुण्यांसाठी रोखून धरणे. आमच्या तिसऱ्या वर्षी पाहुणे सव्वा तास उशिरा आले, तोवर ऊन चढले होते आणि मैदानाच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीत श्वान आणि त्याचे हस्तक, म्हणजे त्याला हाताळणारे पोलीस, ताटकळत बसले होते. प्रात्यक्षिक सुरू झाले तेव्हा एरवी चपळ असणारे ते जर्मन शेफर्ड जीभ बाहेर काढून धापा टाकत होते. धापा टाकणारा कुत्रा नाकाने नीट काम करू शकत नाही, कारण तोंडावाटे श्वास चालू असताना हुंगणे मंदावते. जमलेल्यांना मात्र वाटले की कुत्रा कच्चा आहे. तेव्हापासून आम्ही कामाच्या कुत्र्यांना सकाळचा पहिला तास देतो आणि पाहुण्यांना बक्षीस समारंभाची वेळ कळवतो; एकदा एक पाहुणे यावरून रुसले, तो रुसवा परवडला.

वास शोधण्याच्या प्रात्यक्षिकात वाऱ्याची दिशा न पाहणे ही तांत्रिक चूक आहे. वास वाऱ्याबरोबर पंख्यासारखा पसरत जातो आणि कुत्रा त्या पसरलेल्या पट्ट्याची कड पकडून मुळापर्यंत येतो. प्रेक्षक, अत्तराचा घमघमाट आणि वडापावची गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला असतील तर त्याला त्या सगळ्या गर्दीतून एक धागा वेगळा काढावा लागतो. सकाळी एक उदबत्ती पेटवून मैदानाच्या मध्यावर धरावी, धूर जिकडे जाईल तिकडे खाण्याचे ठेले आणि प्रेक्षक असावेत.

पोलीस आपले साहित्य आपणच आणतात, पण हौशी मालकांसाठी ठेवलेल्या ‘डबा ओळखा’ या खेळात आयोजकच घोळ करतात. दहा खोके, एकात लवंगेच्या तेलाचा बोळा, आणि कुत्रा भलत्याच खोक्यापाशी बसतो, असे झाले की हशा पिकतो. अशा वेळी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, बोळा ठेवणाऱ्या माणसाने फक्त तोच खोका हाताळला होता का; तसे असेल तर काही कुत्री तेलाऐवजी त्या माणसाच्या हाताचा वास शिकतात आणि त्याने पुढे ज्याला हात लावला त्या खोक्यापाशी बसतात, म्हणून सर्व खोके त्याच माणसाने सारख्याच वेळा हाताळावेत. दुसरी, आधीच्या फेरीतला वासाचा खोका पुन्हा रिकामा म्हणून रांगेत आला होता का. कागदी पुठ्ठ्यात वास मुरतो, तेव्हा अशा खोक्यावर खूण करून तो दिवसभर वासाचाच म्हणून वापरावा. आमच्याकडे एका देशी कुत्रीने सलग तीनदा सातव्या खोक्याशी बसून सगळ्यांना चक्रावून टाकले होते, आणि शेवटी निघाले ते असे की तो खोका मुळात सुकटीचा होता.

हल्ल्याचे प्रात्यक्षिक, म्हणजे जाड बाही घातलेला ‘चोर’ आणि त्याच्यावर झेपावणारा कुत्रा, हे ज्या मैदानावर इतर कुत्री आणि लहान मुले आहेत तिथे ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठेवायचेच असेल तर दोरीची दुहेरी रांग असावी, दोन्ही दोऱ्यांमध्ये तीन मीटर मोकळी जागा असावी आणि इतर सर्व कुत्री तेवढा वेळ नजरेआड न्यावीत. प्रात्यक्षिक संपल्यावर फोटोसाठी श्वानाभोवती गर्दी करण्याची प्रथाही थांबवावी. तो अजून कामावर असतो. विचारायचे ते हस्तकाला, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला.

ध्वनिक्षेपक आणि निवेदक

उद्घाटनाला ढोल-ताशा लावणे हा आपला हौसेचा भाग असला तरी इथे तो आवरावा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. ध्वनिक्षेपक कोकलला की आपण कान झाकतो आणि कुत्री पट्टा तोडायला निघतात. दोन मोठ्या कर्ण्यांऐवजी चार लहान, कमी आवाजाचे कर्णे लावावेत आणि त्यांची तोंडे रिंगणापासून वळवावीत.

निवेदकाच्या हातात कागद द्यावा, कारण ऐकीव गोष्टी तिथूनच पसरतात. अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्यांना त्याच पदार्थांचे व्यसन लावलेले असते, हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या मेळाव्यांत ऐकले आहे आणि ते धादांत खोटे आहे. त्यांच्यासाठी तो वास सापडणे म्हणजे चेंडू मिळणे, एवढाच व्यवहार असतो. सांगण्यासारखे खरे पुष्कळ आहे : १९९३ च्या स्फोटमालिकेनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडॉरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिले होते, आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी जातींवर काढलेल्या चार तिकिटांपैकी एकावर मुधोळ हाउंड होता.

खेळ

मुधोळ, कारवान, पश्मी ही आपल्याकडची शिकारी कुत्री नजरेवर धावतात. समोर काही पळाले की त्यांना हाक ऐकू येत नाही, आणि ते पळणारे चिवावा असले तरी त्यांच्या लेखी फरक नसतो. त्यामुळे ‘हाक मारा, धावत या’ या खेळात लहान आणि मोठ्या कुत्र्यांच्या फेऱ्या वेगळ्या घ्याव्यात, कुंपण पूर्ण असल्याशिवाय पट्टा सोडू नये आणि एका वेळी एकच कुत्रा सोडावा. कुत्रा अर्ध्यात थबकला तर मालक बहुधा आवाज चढवतो, आणि चढलेला आवाज ऐकून कुत्रा आणखी थबकतो. मालकाला पाठ फिरवून दोन पावले उलट पळायला सांगावे, बहुतेक कुत्री मागे येतात.

पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांत श्वान शर्यती होतात. तिथे दोरीने ओढलेले बनावट सशाचे सोंगच वापरावे. जिवंत ससा सोडणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणि प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यात आयोजकही अडकतो.

उडीच्या अडथळ्याची दांडी खिळ्याने पक्की करू नये, धक्का लागताच ती पडली पाहिजे. वर्षाच्या आतील कुत्र्यांना उड्या देऊ नयेत, कारण त्यांची हाडे अजून वाढत असतात. ‘सर्वांत जलद कोण खातो’ ही स्पर्धा तर कार्यक्रमातून काढूनच टाकावी : ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत भराभर खाल्ल्यानंतर धावपळ झाली तर पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो, आणि मग शस्त्रक्रियेवाचून उपाय उरत नाही. वेशभूषा स्पर्धा ठेवायची असल्यास ती सकाळी आठच्या आत उरकावी.

ऊन, आणि चावा

मुलांना सुट्टी म्हणून मेळावा एप्रिल-मेमध्ये ठेवणे चूक आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध, सकाळी सात ते दहा, याबाहेर जाऊ नये. पग आणि बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना त्यातही जपावे लागते. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल तर तिथून कुत्रा चालवू नये. एखादा कुत्रा झोकांड्या देऊ लागला, हिरड्या लालभडक झाल्या, तर त्याला आधी सावलीत न्यावे, नळाचे साधे पाणी अंगभर ओतावे, पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा आणि मग पशुवैद्याकडे न्यावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते.

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खुशीत आहे, हा समज मुलांना सर्वाधिक महागात पडतो. तोंड फिरवणे, ओठ चाटणे, वारंवार जांभया देणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, ही ‘लांब राहा’ असे सांगण्याची त्याची भाषा आहे आणि ती प्रवेशद्वारावर चित्रांनी दाखवता येते. तरीही चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कुत्र्याची लस झालेली असली तरी. हळद, तिखट किंवा चुना लावू देऊ नये. रेबीजची लस आणि खोल जखमेसाठी लागणारे सीरम त्या दिवशी कोठे उपलब्ध आहे, हे आदल्या संध्याकाळी फोन करून विचारावे. जवळच्या एका दवाखान्याच्या भरवशावर आम्ही एकदा गेलो आणि सीरम संपल्याचे तिथे पोहोचल्यावर कळले.

मेळावा संपल्यावर मैदान झाडले जाते, मांडव उतरतो आणि नोंदणीचे कागद बहुतेक वेळा रद्दीत जातात. ते दहा दिवस तरी जपून ठेवावेत. चावलेल्या कुत्र्यावर तेवढे दिवस लक्ष ठेवावे लागते, आणि श्वानखोकला मेळाव्यानंतर साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान डोके वर काढतो; एका मालकाचा फोन आला की बाकीच्यांना कळवण्यासाठी तीच यादी लागते.